ब्लू नोटचा कान

ब्लू नोट या अमेरिकन जॅझ कंपनीच्या जुन्या रेकॉर्डवर पैसे टाकायचे असतील तर आधी कव्हर बघू नका. लेबलही नंतर. टेबललॅम्प तिरका करा, रेकॉर्ड दोन तळव्यांत कडेवर धरा आणि वादन संपल्यापासून लेबल सुरू होईपर्यंत जो गुळगुळीत काळा पट्टा असतो, त्यावरून उजेड सरकेल अशी ती सावकाश फिरवा. या पट्ट्याला डेड वॅक्स म्हणतात. रेकॉर्डचा सातबारा तिथे असतो. रेकॉर्ड 1500 किंवा 4000 मालिकेतली, म्हणजे साधारण 1956 ते 1966 या काळातली असेल, तर तिथे कॅटलॉग नंबर आणि त्याला जोडून बाजूचं अक्षर सापडेल. मग हाताने कोरलेलं किंवा ठशाने उमटवलेलं आरव्हीजी, नाहीतर पुढच्या वर्षांतलं व्हॅन गेल्डर हे पूर्ण नाव. आणि थोडं बाजूला, लहान मुलाने पाटीवर काढलेल्या कानासारखं एक वेडंवाकडं चिन्ह. ते कानाचं चित्र नाहीच. न्यू जर्सीतल्या प्लास्टीलाइट या कारखान्याचं ते सलग वळणाचं (कर्सिव्ह) पी अक्षर आहे. पण जगभर त्याला कानच म्हणतात.

या दोन खुणांचा अर्थ वेगवेगळा आहे आणि लोक नेमके इथेच फसतात. रेकॉर्ड तयार होताना टेपवरचं वादन आधी लॅकरच्या चकतीवर खाच म्हणून कोरतात. त्या चकतीवरून धातूचे साचे निघतात आणि साच्यांत विनाइल दाबतात. आरव्हीजी म्हणजे ही खाच रूडी व्हॅन गेल्डरने स्वतः कोरली, ज्याने मूळ रेकॉर्डिंगही केलं होतं. कान म्हणजे विनाइल प्लास्टीलाइटमध्ये दाबलं गेलं. एक सही कारागिराची, दुसरी कारखान्याची. बाजार पैसे मोजतो कानाला. आवाज मात्र मुख्यतः पहिल्या सहीतून येतो.

आल्फ्रेड लायनने 1939 मध्ये सुरू केलेली ही कंपनी 1965 मध्ये लिबर्टी या रेकॉर्ड कंपनीला विकली गेली, आणि 1966 पासून रेकॉर्ड दुसऱ्या कारखान्यांत दाबल्या जाऊ लागल्या. साचे बऱ्याचदा जुनेच वापरले. त्यामुळे लेबलवर लिबर्टीचं नाव, डेड वॅक्समध्ये व्हॅन गेल्डर आणि कान गायब, अशा भरपूर प्रती निघाल्या. किंमत एकदम उतरते, कारण संग्राहकाच्या लेखी ती पहिली आवृत्ती उरत नाही. माझ्या मते ऐकणाऱ्यासाठी ब्लू नोटमधला सगळ्यात शहाणा सौदा हाच. विनाइलचा दर्जा लिबर्टीच्या काळात सारखा राहिला नाही हे खरं, म्हणून वाजवून घ्यावी. पण खाच तीच आहे, हात तोच आहे.

आता लेबलकडे वळू. 1500 मालिकेच्या सुरुवातीला त्यावर 767 लेक्सिंग्टन अव्हेन्यू हा पत्ता आहे, 1957 पासून 47 वेस्ट 63, आणि साधारण 1962 पासून नुसतं न्यूयॉर्क यूएसए. मधल्या काळात कंपनी 43 वेस्ट 61 ला गेली, तो पत्ता कव्हरच्या पाठीवर आला, लेबलवर मात्र जुनाच छापत राहिले. त्यामुळे कव्हर आणि लेबल यांचे पत्ते जुळत नाहीत म्हणून विक्रेत्याशी भांडू नका, ते तसंच असतं. भांडण दुसऱ्या गोष्टीवरून काढावं. लिबर्टीच्या हाती न्यूयॉर्क यूएसएची छापील लेबलं शिल्लक होती आणि ती त्यांनी संपेपर्यंत वापरली. लेबल बघून ‘ओरिजिनल’ म्हणून विकली जाणारी प्रत उजेडात फिरवली की कान नसतो, आणि किमतीतलं एक शून्य खोटं ठरतं.

डीप ग्रूव्हचंही असंच. लेबलवर मधल्या छिद्राभोवती गोल खोलगट चीर असते, बोट फिरवलं की लागते. ती दाबण्याच्या यंत्रातल्या जुन्या साच्याची खूण आहे. 1961 च्या आसपास ते साचे मागे पडले, तरी पुढेही एखादा जुना साचा एका बाजूला लागायचा. म्हणजे 4100 च्या पुढच्या रेकॉर्डवर चीर नसली तरी ती पहिली आवृत्ती असू शकते, आणि एकाच बाजूला असली तरी बिघडत नाही. आतल्या कागदी पिशवीवर तर अजिबात विसंबू नका. ‘25 इयर्स’ किंवा ‘27 इयर्स’ छापलेली पिशवी कुणीही कुठल्याही रेकॉर्डला घालू शकतो, आणि घालतात.

इतकी सगळी चौकशी ज्याच्यासाठी, तो व्हॅन गेल्डर दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा. हॅकेनसॅक इथल्या आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात संध्याकाळी आणि सुट्टीला रेकॉर्डिंग. जुलै 1959 मध्ये एंगलवूड क्लिफ्सचा उंच लाकडी छताचा स्टुडिओ उभा राहिला आणि चष्मे सुटले. त्याच्या आवाजात सॅक्सोफोन आणि ट्रंपेट श्रोत्याच्या पुढ्यात उभे राहतात, झांजा चमकतात, ड्रमच्या कातड्याला वजन असतं. पियानो मात्र पेटीत कोंडल्यासारखा. भक्तांना हे आवडत नाही, पण पियानोच्या त्रिकुटाची व्हॅन गेल्डर रेकॉर्ड आणि दुसऱ्या कुणाची एक, अशा लागोपाठ लावून बघा. बासवादक चार्ल्स मिंगसला तर हा माणूस वादकांचा नाद बदलतो असंच वाटायचं, आणि तो त्याच्याकडे जाणं टाळायचा. मिंगसच्या तक्रारीत तथ्य आहे. तरीही 9 डिसेंबर 1964 ला जॉन कोल्ट्रेनच्या ‘अ लव्ह सुप्रीम’मध्ये ड्रमवादक एल्विन जोन्सच्या झांजा जशा पकडल्या आहेत, तशा दुसऱ्या कुणाला जमल्या असत्या असं मला वाटत नाही. ही रेकॉर्ड इम्पल्स या दुसऱ्या कंपनीची, पण स्टुडिओ आणि कान व्हॅन गेल्डरचेच. इथे कान खऱ्या अर्थाने.

मोनो की स्टिरिओ, हा पुढचा वाद. 1957 पासून व्हॅन गेल्डर दोन्ही टेपा एकाच वेळी चालवायचा. 1958 च्या अखेरीला त्याने वेगळी मोनो टेप थांबवली आणि पुढच्या मोनो रेकॉर्ड स्टिरिओ टेपच्या दोन्ही बाजू एकत्र करून कोरल्या. याचा व्यवहारातला अर्थ असा: ‘ब्लू ट्रेन’ (सप्टेंबर 1957, मोनो 1577) किंवा ‘समथिंग एल्स’ (मार्च 1958, मोनो 1595) मोनोत घेण्याला ठोस कारण आहे. 1963 च्या रेकॉर्डसाठी मोनोला दुप्पट पैसे देण्यात तेवढं कारण उरत नाही. दुसरीकडे, सुरुवातीचा स्टिरिओ बाळबोध आहे. एक फुंकवाद्य डाव्या भिंतीला, दुसरं उजव्या भिंतीला, मधे पोकळी. हेडफोनवर तर डोकं दुखतं. अॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर ते दाबा. दोन बाजू एकत्र होतात, आणि मोनो रेकॉर्डवर दाबलं तर खरखर बरीच कमी होते. मोनोच्या खाचेत आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो, स्टिरिओची सुई उभी हालचालही वाचते आणि त्या उभ्यात असते नुसती धूळ आणि झीज. बटण दाबलं की ते उभं सगळं एकमेकांत वजा होतं.

स्टिरिओ नंबर ओळखायला सोपे: 4157 ची स्टिरिओ आवृत्ती 84157, 1577 ची 81577.

ब्लू नोट आणि प्रेस्टिज या दोन जॅझ कंपन्यांची तुलना नेहमी होते आणि बहुधा चुकीच्या मुद्द्यावर. स्टुडिओ तोच, इंजिनिअर तोच, वादकही पुष्कळदा तेच. फरक तालमीचा. लायन वादकांना तालमीच्या दिवसाचे पैसे द्यायचा. प्रेस्टिजमध्ये आलात की वाजवा. म्हणून ब्लू नोटवर नव्या रचना, नेटकी मांडणी, तिघा फुंकणाऱ्यांचे जुळलेले सूर सापडतात. प्रेस्टिजवर जुनी गाणी, ब्लूज आणि लांब सोलो. बिनतालमीचा जुगार लागतो तेव्हा मात्र असा लागतो की ज्याचं नाव ते: ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या पंचकाने 11 मे आणि 26 ऑक्टोबर 1956 या दोन दिवसांत चार एलपींचा बहुतेक माल वाजवून ठेवला. कुकिन, रिलॅक्सिन, वर्किन, स्टीमिन. त्यातली रिलॅक्सिन आधी घ्या, बाकीच्या आपोआप येतील. प्रेस्टिजच्या जुन्या प्रतींचं विनाइल ब्लू नोटच्या मानाने खरखरीत असतं. पिवळ्या लेबलवर 446 वेस्ट 50 हा न्यूयॉर्कचा पत्ता म्हणजे आधीची, बर्गनफील्ड म्हणजे नंतरची. चकचकीत दिसूनही सतत हिस्स ऐकू येत असेल तर दोष तुमच्या सुईचा नाही.

तालीम करूनही घोळ होतात, आणि त्यातून कधी कधी सोनं निघतं. गिटारवादक ग्रँट ग्रीनच्या ‘आयडल मोमेंट्स’च्या वेळी, नोव्हेंबर 1963 मध्ये, एक आवर्तन 16 बारचं की 32 चं (बार म्हणजे जॅझमधला, साधारण चार मात्रांचा खंड) यावर वादकांचा गोंधळ झाला. प्रत्येकाने दुप्पट वाजवलं आणि सात मिनिटांत आटपायचं ते वादन पंधरा मिनिटांवर गेलं. पुन्हा वाजवून बघितलं तरी त्या पहिल्याची सर येईना. मग ते तसंच ठेवून बाकीच्यांतल्या दोन रचना काही दिवसांनी पुन्हा, आखूड करून वाजवल्या, कारण एलपीच्या एका बाजूला जागाच तेवढी. जो हेंडरसनचा सॅक्सोफोन त्यात ज्या सावकाशीने आत शिरतो, तो ऐकताना घड्याळाचा प्रश्न मिटतो. बाजू लांबली की खाचा दाटीने बसवाव्या लागतात, मग आवाजाची पातळी खाली घ्यावी लागते आणि खरखर त्या मानाने वर येते. बावीस-तेवीस मिनिटांची बाजू असेल तर हे गृहीत धरूनच घ्या.

नव्या आवृत्त्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मूळ प्रतीवर भारतातून मागवताना जेवढा खर्च होतो, त्यात सहा-सात उत्तम नव्या येतात आणि त्यांतल्या निम्म्या मूळ प्रतीपेक्षा चांगल्या वाजतात. कारण व्हॅन गेल्डरने त्या काळच्या स्वस्त प्लेयरांवर सुई उडू नये म्हणून खालचा बास छाटला होता आणि आवाजाचे चढउतार दाबले होते. टेपवर ते सगळं शाबूत आहे. ब्लू नोटच्याच 2019 पासूनच्या टोन पोएट मालिकेत आणि तिच्याहून स्वस्त क्लासिक व्हिनाइल मालिकेत केव्हिन ग्रे बहुतेक रेकॉर्ड मूळ टेपवरून कोरतो. डेड वॅक्समध्ये त्याची केपीजी ही अक्षरं असतात. टोन पोएटचं जाड कव्हर आणि आतले फोटो सुंदर असतात. आवाजासाठी मात्र क्लासिक व्हिनाइल घेतलीत तरी पश्चात्ताप होणार नाही. जपानमधल्या किंग कंपनीच्या 1977 ते 1983 मधल्या प्रती शांत विनाइलसाठी घ्याव्यात. वरच्या पट्टीतला आवाज थोडा तिखट असतो, पण पार्श्वभूमीला खरखर नावालाही नाही. प्रेस्टिज आणि रिव्हरसाइड या कंपन्यांच्या रेकॉर्डसाठी 1980 च्या दशकातल्या ओजेसी (ओरिजिनल जॅझ क्लासिक्स) मालिकेतल्या प्रती अजूनही वाजवी भावात मिळतात.

टाळायचं ते एवढंच: ज्या रेकॉर्डवर 180 ग्रॅम मोठ्या अक्षरांत आहे आणि कोणी कोरली, कुठल्या टेपवरून, याचा उल्लेख नाही. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी 50 वर्षांचा होता. 2013 मध्ये तो 70 वर्षांचा झाला, पण जे आधीच मोकळं झालं ते मोकळंच राहिलं. म्हणजे 1962 पर्यंतचं जवळजवळ सगळं सोनेरी जॅझ कुणीही छापावं. मूळ टेप या लोकांकडे नसते, मग सीडीवरून कोरतात. वजन म्हणजे विनाइलचा जाडपणा, आवाजाशी त्याचा संबंध नाही. ऑनलाइन दुकानात माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची अर्ध्या किमतीत मिळणारी रंगीत प्रत दिसली तर आधी हे आठवा.

‘काइंड ऑफ ब्लू’चं नाव निघालंच आहे तर तिचा चढा सूर. 2 मार्च 1959 च्या सत्रात कोलंबिया कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या 30 व्या स्ट्रीटवरच्या स्टुडिओत मुख्य टेपयंत्र किंचित सावकाश चाललं. म्हणून ती टेप योग्य गतीने लावली की पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना किंचित चढ्या वाजतात. 22 एप्रिलला वाजवलेली दुसरी बाजू बरोबर आहे. 1992 मध्ये त्याच वेळी चाललेल्या दुसऱ्या यंत्राची टेप वापरून दुरुस्ती झाली. ज्यांचा कान तंबोऱ्यावर तयार झाला आहे त्यांना हा फरक नक्की खटकेल: ‘सो व्हॉट’ जुन्या प्रतीवर लावा आणि सोबत पियानोवर किंवा पेटीवर डी दाबून बघा. सुरुवातीच्या छपाईतल्या आणखी दोन खुणा म्हणजे कव्हरवर सॅक्सोफोनवादक अ‍ॅडरलीच्या स्पेलिंगमधली चूक आणि दुसऱ्या बाजूच्या लेबलवर दोन रचनांची उलटापालट. खुणा म्हणून गमतीच्या आहेत. ऐकायला 1992 नंतरची घ्या.

वापरलेली रेकॉर्ड घेताना विक्रेत्याच्या प्रतवारीतलं व्हीजी (व्हेरी गुड) प्लस म्हणजे ठीक, नुसतं व्हीजी म्हणजे खरखर, गुड म्हणजे वाईट. चरे बघून घाबरू नका, झिजेला घाबरा. 1950 च्या दशकातल्या प्लेयरच्या सुईचा भार पाच-सहा ग्रॅम आणि जास्तही असायचा. आजचा साधारण दोन. तसल्या भाराने झिजलेली खाच वरून चकचकीत दिसते आणि ट्रंपेटने जोर लावला की फाटते. म्हणून तपासायची ती शेवटची रचना, पहिली नव्हे. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम 21. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा, त्यामुळे झीज तिथे आधी बोलते. फाटलेपण धुऊन जात नाही.

बाकी बरंच धुऊन जातं. एक लिटर डिस्टिल्ड वॉटर, दीडशे मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, बिनवासाच्या भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब. त्याहून जास्त साबण घातला तर तोच खाचेत वाळून बसतो. मऊ ब्रश खाचेच्या दिशेनेच गोल फिरवायचा, लेबल कोरडं ठेवायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दुसरा हात. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, क्षार राहतात. वाळवताना रेकॉर्ड ताटाच्या स्टँडमध्ये उभी, पंखा बंद.

कोकणपट्टीत आणि मुंबईत खरा शत्रू पावसाळा. बुरशी कव्हरच्या कागदावर धरते आणि तिथून पिशवीत उतरते. रॅक बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, आतल्या कागदी पिशव्या काढून पॉलिथिनच्या अस्तराच्या घाला. कव्हरवर जाड पीव्हीसीची पिशवी घालू नका. ती विनाइलवर धुरकट डाग सोडते, आणि ते डाग म्हणजे कायमची हिस्स. रेकॉर्ड उभ्याच ठेवायच्या. शंभर एलपींचं वजन पंचवीस-तीस किलो होतं, तीन फुटी फळीवर सव्वादोनशे बसतात, म्हणजे साठ किलोच्या आसपास. अठरा मिलिमीटरचा प्लायही मधे झुकतो. दर दीड फुटाला उभी फळी टाकून घ्या.

आणि घरात कुणाच्या तरी आजोबांच्या 78 च्या तबकड्या निघाल्या तर वरचं द्रावण त्यांना लावू नका. मुंबईच्या ताजमध्ये ट्रंपेट गाजवणारा आणि पुढे सी. रामचंद्रांबरोबर ‘अलबेला’त काम करणारा गोव्याचा चिक चॉकलेट, किंवा कोलकात्यात रेकॉर्ड केलेला अमेरिकन पियानोवादक टेडी वेदरफोर्ड, यांचं वादन असल्याच तबकड्यांवर आहे. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचा एक थेंब, भराभर पुसणं आणि लगेच कोरडं कापड. सुईही वेगळी लागते, सुमारे 75 मायक्रॉनच्या टोकाची. एलपीची 18 ते 25 मायक्रॉनची सुई त्या रुंद खाचेच्या तळाला जाऊन घासते. तिथे वादन नसतं, नुसता कचरा असतो.